सोलर कंपनीत जाऊ का, ताई?

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे समजण्यात काही चूक असेल तर सांगशील. राहायला कळव्यात, इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा, महाप्याच्या एका डेटा सेंटरमध्ये दोन वर्षं कंत्राटी शिफ्ट टेक्निशियन. आता एक सोलर कंपनी सेल्समध्ये घेतेय, पगार जरा बरा, वर इन्सेंटिव्ह. वडील ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका बंद पडलेल्या कंपनीत फिटर होते आणि ते म्हणतात, ‘हे हिरवं-बिरवं चार दिवसांचं आहे.’ तेव्हा हरित अर्थव्यवस्थेत खरंच काही दम आहे का, तिचे तोटे काय, आणि तू उडी मारावीस का.

माझ्याबद्दल सांगते. १९९७ साली पावण्यात रंगांसाठीची रसायनं बनवणाऱ्या एका कारखान्यात ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लँटवर, केमिस्ट म्हणून लागले. पुढे ऊर्जा लेखापरीक्षण, आणि गेली काही वर्षं कार्बनचे हिशेब. माझं घर याच धंद्यावर चालतं. मी बोलते त्यातलं थोडं पोटासाठीचंही असणार, हे धरून वाच.

ईटीपीवर सकाळी आल्या आल्या पहिलं काम ठरलेलं असायचं. एरेशन टँकमधलं, म्हणजे जिवाणूंसाठी हवा सोडलेल्या टाकीतलं, पाणी एक लिटरच्या सिलिंडरमध्ये घ्यायचं आणि अर्धा तास त्याला हात लावायचा नाही. गाळ तपकिरी, तळाशी शांत बसलेला, वर नितळ पाणी असं दिसलं की टाकीतले जिवाणू ठणठणीत. पण काही सकाळी तो गाळ काळा पडलेला असायचा, वर तरंगायचा आणि सडक्या अंड्यासारखा वास मारायचा. म्हणजे टाकीत हवा सोडणारा ब्लोअर रात्री बंद होता. वीज वाचवायला रात्रपाळीत ब्लोअर बंद ठेवायची तोंडी सूचना होती. तपासणीला कुणी येणार असलं की तो आदल्या दिवसापासून सुरू. महिन्याच्या खर्चाच्या तक्त्यात वीजबिल कमी दिसायचं आणि त्याबद्दल मेंटेनन्सवाल्याची पाठ थोपटली जायची. नाल्यातून पुढे खाडीत काय जात होतं आणि खाडीत जाळं टाकणाऱ्याच्या हाती काय येत होतं, याचा तक्ता कुणीच ठेवत नव्हतं.

हरित अर्थव्यवस्थेची माझी व्याख्या एवढीच आहे: तो न ठेवलेला तक्ता कंपनीच्या तक्त्याला जोडणं. खरोखर जोडला गेला की त्यातून पैसा निघतो, कामं निघतात. जोडल्याचं सोंग केलं की खर्च नुसता जागा बदलतो. एकाच्या बिलातून उठतो आणि ज्याच्याकडे बिलबुकच नाही त्याच्या दारात जाऊन बसतो. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तळोज्याचे निळे कुत्रे जगभरच्या बातम्यांत झळकले, आठवतंय? कारखान्याच्या रंगाने अंगाला निळाई आलेले. माझ्या त्या काळ्या सिलिंडरनंतर वीस वर्षांनी. तोवर प्रत्येक गेटवर ‘झाडे लावा’ची पाटी लागलेली होती.

म्हणून तुझ्या वडिलांना मी मोडीत काढणार नाही. या पट्ट्याने आश्वासनं पुष्कळ पाहिलीत. साठच्या दशकात एमआयडीसी आली, १९७० ला सिडको, ९५ गावांच्या जमिनी गेल्या, आणि मोबदल्यासाठी १९८४ च्या जानेवारीत जासई-नवघरला पाच जण गोळीबारात गेले. तेव्हाही सांगणं हेच होतं की इथे नवी अर्थव्यवस्था येतेय, सगळ्यांचं भलं होईल. कुणाचं झालं, कुणी त्याच कंपनीच्या गेटवर कंत्राटदाराच्या वहीत अंगठा देत राहिलं. मात्र चार दिवसांचं फॅड हे काही नाही, तिथे ते चुकतात. २०७० पर्यंत नेट झिरो, म्हणजे निव्वळ कार्बन उत्सर्जन शून्य, ही सरकारने २०२१ मध्ये ग्लासगोला दिलेली तारीख बाजूला ठेव, ती लांब आहे. गिऱ्हाइकाने, बँकेने आणि वीजबिलाने आज जे मागायला सुरुवात केलीय ते मागे जाणारं नाही.

दम कुठे आहे ते एका भोकावरून सांगते. रबाळ्यात एक मध्यम आकाराची फॅब्रिकेशन शेड. मालकाला छतावर सोलर हवं होतं, त्यासाठी मला बोलावलं. मी म्हटलं, आधी सुट्टीच्या दिवशी येते, मशीन बंद असताना. शेडमध्ये कुणी नाही, पंखेही बंद, फक्त कंप्रेसर सुरू ठेवायला लावला. आणि सगळ्या शेडभर फुसफुस. वीस साप सोडल्यासारखी. मग साबणाच्या पाण्याची बाटली आणि ब्रश घेऊन एकेक कपलिंग, एकेक व्हॉल्व्ह. फेस फुगला की खडूने गोल. ७ बार दाबाच्या हवेच्या लाइनवर ३ मिलिमीटरचं एक भोक सुमारे ३ किलोवॅट खातं. दिवसाला २० तास, वर्षाला ३०० दिवस म्हणजे १८,००० युनिट. युनिटला ९ रुपये धरले तर १ लाख ६२ हजार. एका भोकाचे! देखभाल नसलेल्या कारखान्यात कंप्रेस्ड हवेतली २० ते ३० टक्के अशीच उडून जाते. त्या शेडमध्ये आम्ही ४१ खडूचे गोल काढले, बहुतेक बारीक होते. टेफ्लॉन टेप, नवे क्लॅम्प, दोन व्हॉल्व्ह बदलले, आणि कंप्रेसर जो सतत धापा टाकायचा तो मध्येमध्ये गप्प बसायला लागला. मालक नाराज. फीत कापायला काहीच नाही ना! चाळीस ठिकाणी गुंडाळलेल्या टेपचा फोटो कोण छापणार?

या धंद्यातला सगळ्यात खात्रीचा पैसा अशाच कंटाळवाण्या जागी आहे. गळती बुजवणं, मोटर योग्य आकाराची घेणं, पंपाला गरजेप्रमाणे वेग कमीजास्त करणारा व्हीएफडी, ७५ वॅटचा पंखा काढून ३० वॅटच्या आसपासचा लावणं. यात हिरवा खर्च आणि मालकाचा फायदा एकाच बिलात दिसतो, कुणावर ढकलावा लागत नाही. पाण्याचंही तसंच. नवी मुंबई महापालिकेने ऐरोली आणि कोपरखैरण्याला मलजलावर तिसऱ्या टप्प्याची प्रक्रिया करणारी, दिवसाला प्रत्येकी २ कोटी लिटरची केंद्रं उभी केली, आणि ते पाणी टीटीसीतल्या, म्हणजे आपल्या ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातल्या, कारखान्यांसाठी. धरणाचं पिण्याजोगं पाणी कूलिंग टॉवरमध्ये उडवण्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचं. अर्थात मी ज्या कारखान्यात हा विषय काढला तिथे पहिला प्रश्न आला, ‘मॅडम, टीडीएस किती?’ म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार किती. प्रश्न रास्त आहे. बॉयलरवाल्याला नितळ दिसणारं पाणी पुरत नाही. तेव्हा पाइपलाइन टाकून काम संपत नाही, रोज पाणी तपासणारा माणूस लागतो.

आता तुझं सोलर. घरगुती सोलरच्या बाजूने आज सगळे वारे आहेत. फेब्रुवारी २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या २ किलोवॅटला किलोवॅटमागे ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असं जास्तीत जास्त ७८,००० अनुदान. सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटला १८,०००. आपल्याकडे १ किलोवॅट सरासरी दिवसाला ४ युनिट देतो, त्याला साधारण १०० चौरस फूट गच्ची लागते. २५ किलोवॅट बसवलेस तर दिवसाला १०० युनिटच्या आसपास; लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे निघून जातात. साडेचार लाख अनुदान. हिशेब बसतो, यात वाद नाही.

बसत नाही तो हिशेब सेल्सवाला सांगत नाही, आणि तुला तो सेल्सवाला व्हायचंय. ठाण्यातल्या एका सोसायटीची गोष्ट. सात मजले, गच्ची मोकळी, चोख काम झालं, पहिल्या वर्षी बिल एकदम खाली. दुसऱ्या वर्षी दक्षिणेची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. तिसऱ्या वर्षाच्या अखेरीला तिथे बावीस मजले उभे, आणि थंडीत दुपारी दोननंतर यांच्या अर्ध्या पॅनलवर सावली. सेक्रेटरीकाका मला गच्चीवर नेऊन त्या टॉवरकडे असे बघत होते जसं कुणी यांचं ऊन चोरून नेलंय. नेलंच होतं. पण उन्हाची तक्रार कुठल्या चौकीत करणार? पाचपाखाडी, नौपाडा, वाशी, जिथे बघावं तिथे आज पुनर्विकासाचे पत्रे लागलेत. तिथे २५ वर्षांचं पॅनल विकताना शेजारच्या इमारतीचं वय विचारलं नाहीस तर अर्धं खोटं विकतोयस. खेरीज पावसाळ्यात उत्पादन निम्म्यावर येतं, कबुतरं घाण करतात, अँकर ठोकताना वॉटरप्रूफिंग फुटलं की वरच्या मजल्यावरच्या काकू सोसायटीच्या वार्षिक सभेत सोलरलाच शिव्या घालतात. वर्षाअखेर उरलेल्या युनिटला मिळणारा भाव तुम्ही भरता त्या दरापेक्षा बराच कमी असतो, तेव्हा गरजेपेक्षा मोठा प्लँट गळ्यात मारणारा तुमचा हितचिंतक नव्हे.

आणि गच्चीच नाही त्यांचं काय? दिघ्यात, कळव्यात तुझ्याच मागच्या टेकडीवर जी वस्ती आहे, तिथे पत्रा आहे पण त्याचा कागद नावावर नाही. भाडेकरूला छत नाही. अनुदान मिळतं छत नावावर असलेल्याला. ज्याचं बिल आधीच भरता येण्यासारखं आहे त्याचं शून्यावर येतं, आणि ज्याचं दर महिन्याला नाकीनऊ आणतं त्याच्यापर्यंत योजना पोहोचतच नाही. तोट्यांच्या यादीत मी हा सगळ्यात वर ठेवीन, कारण तो तांत्रिक नाही आणि कुणाला खुपतही नाही.

दुसरा तोटा तुझ्या वयाच्या मुलांच्या पायाखालचा आहे. टीटीसीतल्या जुन्या शेडवर अजून सिमेंटचे पत्रे आहेत, चाळीस-चाळीस वर्षांचे, उन्हापावसाने खारी बिस्किटासारखे ठिसूळ झालेले. त्यावर चालायचं तर बोल्टच्या रेषेवरून, कारण पत्र्याला आधार देणारी आडवी पट्टी, परलिन, खाली तिथेच असते. दोन बोल्टच्या रांगांमध्ये पाय पडला की गेला. तुर्भ्याला एका छताच्या पाहणीत माझ्यापुढे चालणाऱ्या मुलाने फोन आला म्हणून मागे वळून पाहिलं आणि त्याचा डावा पाय मांडीपर्यंत आत. खाली २८ फूट आणि प्रेस मशीन. हार्नेस, म्हणजे सुरक्षेचा पट्टा, होता, पण तो बॅगेत. पत्र्याच्या कडेला हात अडकला म्हणून वाचला. दंडाला नऊ टाके. त्याच्या पगारपत्रकावर सोलर कंपनीचं नाव नव्हतं, तिसऱ्या हाताच्या कंत्राटदाराचं होतं. दवाखान्याचे पैसे मालकाने माणुसकीने दिले, कंपनीने ‘आमचा माणूस नाही’ म्हणून हात वर केले. सोलरच्या डीसी विजेचं तू जाणतोसच, ऊन असेपर्यंत पॅनलला बंद करायचं बटण नाही, आणि कारखान्यावरच्या स्ट्रिंगला, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या पॅनलच्या रांगेला, शेकड्यांनी व्होल्ट असतात. हरित रोजगाराचे आकडे मोजताना ही मुलं मोजली जातात. पडल्यावर कुणाचीच नसतात.

तुझ्या डेटा सेंटरबद्दल. जिथे पूर्वी रसायनांच्या चिमण्या होत्या तिथे आता सर्व्हरच्या बिनखिडकीच्या इमारती आहेत. धूर नाही, वास नाही, नाल्यात रंग नाही. पावण्याचा काळा सिलिंडर पाहिलेल्या मला हे बरंच वाटतं. पण तुझ्या वडिलांच्या कंपनीत एका पाळीला किती माणसं आत जायची आणि तुझ्या इमारतीत किती जातात, ते दोघांनी बसून मोजा. आणि लॉबीतल्या त्या ‘हरित ऊर्जेवर चालते’ पाटीचं असं आहे: २०२२ च्या नियमांनी हरित ऊर्जेसाठी ओपन अॅक्सेसची, म्हणजे दुसऱ्या उत्पादकाकडून थेट वीज घेण्याची, किमान मर्यादा १ मेगावॉटवरून १०० किलोवॅटवर आणली, त्यामुळे दूरच्या जिल्ह्यातल्या सोलर प्लँटची वीज महाप्यात कागदोपत्री विकत घेता येते. ते चांगलंच आहे, त्याने तिकडे प्लँट उभे राहतात. फक्त तुझ्या रात्रपाळीत, दोन वाजता, त्या सर्व्हरना लागणारी वीज ग्रिडमधूनच येते. देशातल्या स्थापित क्षमतेत बिगर-जीवाश्म वाटा २०२५ मध्ये निम्म्यावर पोहोचला, तरी प्रत्यक्ष निर्माण होणाऱ्या विजेत कोळसाच सत्तर टक्क्यांच्या आसपास आहे. वर्षाच्या बेरजेत हिरवं आणि तासाच्या हिशेबात काळं, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. साठवणुकीच्या बॅटऱ्या हे अंतर भरतील तेव्हा भरतील.

कार्बनचा हिशेब म्हणजे नेमकं काय, हे विचारलंयस म्हणून एकच उदाहरण. जर्मनीला नट-बोल्ट पाठवणारे एक गृहस्थ आहेत आपल्याच पट्ट्यात, साठ कामगार, मुलगा आता कारभार बघतो. युरोपने आयातीवर कार्बनचा कर लावलाय. ऑक्टोबर २०२३ पासून नुसती माहिती मागत होते, जानेवारी २०२६ पासून त्यावर पैसे. पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट, खतं, आणि पोलादात चक्क स्क्रू-बोल्टसुद्धा. गिऱ्हाइकाकडून एक्सेलची फाइल आली आणि मुलगा ती प्रिंट काढून माझ्याकडे घेऊन आला, कडेने चिकटपट्टी लावून जोडलेली, टेबलावर अंथरली तर खाली लोंबायची. तेव्हा विजेचाही हिशेब द्यावा लागत होता. त्यांच्या कारखान्यात टनामागे ४०० युनिट, युनिटला सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे २८० किलो. आणि त्यांनी विकत घेतलेल्या पोलादाचा? आपल्या देशाची सरासरी टनाला अडीच टनांच्या जवळपास. म्हणजे गड्याने स्वतःच्या शेडमध्ये जीव ओतून निम्मी वीज वाचवली तरी एकूण आकडा जेमतेम हलणार. हलवायचा तर बोल्टसाठीचं पोलाद, वायर रॉड, देणाऱ्या मिलकडून खरा आकडा हवा, आणि ती मिल साठ कामगारांच्या गिऱ्हाइकाच्या मेलला उत्तर देत नाही. खरा आकडा नसेल तर तिकडचे लोक ठरावीक आकडा लावतात, आणि तो कधी आपल्या सोयीचा नसतो.

यात मोठ्यांचं काही बिघडत नाही, त्यांच्याकडे त्यासाठी अख्खं खातं असतं. लहान माणूस मला फी देतो. मला काम मिळालं, हा हरित रोजगारच झाला म्हणायचा. पण तो त्यांच्या बोल्टच्या नफ्यातून आला.

कचऱ्याबद्दल लिहायला बसले तर रात्र जाईल. सोलर पॅनल २०२२ च्या ई-कचरा नियमांत आले खरे, पण त्यांचा कचरा उत्पादकांनी २०३४-३५ पर्यंत साठवून ठेवावा अशी तरतूद आहे. आज बसतोय तो माल भंगारात जाईल तेव्हा तू माझ्या वयाचा असशील. प्लॅस्टिकच्या बाबतीत रिसायकल केल्याची बनावट प्रमाणपत्रं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाला सापडून झाली आहेत. माल न हलता कागद हलला. आणि ज्यांनी आजवर खरोखर रिसायकलिंग केलं त्या कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या बाया? स्त्री मुक्ती संघटनेने मुंबईत आणि इकडे त्यांना संघटित करून वर्गीकरण, बायोगॅस अशी कामं दिली, ते मी जवळून पाहिलंय आणि ते टिकलंय. पण एखाद्या कॉम्प्लेक्सचा सुका कचरा ‘शास्त्रीय पद्धतीने’ एखाद्या एजन्सीला दिला जातो तेव्हा वर्षानुवर्षं येणाऱ्या बाईला गेटवर अडवतात. तोच कचरा, तीच बाटली, फक्त आता टी-शर्ट हिरवा आहे.

फ्लेमिंगोंचं मात्र सोडवत नाही. ठाणे खाडी २०१५ मध्ये अभयारण्य झाली, २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आली. ऐरोलीहून बोटी निघतात, तिथल्या कोळ्यांच्या पोरांना काम मिळालं. आणि त्याच गुलाबी पक्ष्याचा फोटो लावून त्याच्याच पाणथळीकडे तोंड करून फ्लॅट विकले जातात. पक्ष्यांना होर्डिंग वाचता येत नाही ते बरं.

तर तू. सेल्समध्ये जाऊ नकोस, निदान आत्ता नको. तुझ्याकडे एक गोष्ट आहे जी त्या कंपनीतल्या बऱ्याच जणांकडे नसेल: दोन वर्षं तू चोवीस तास चालणारी यंत्रणा बंद न पडू देता सांभाळलीस. यूपीएस, डिझेल जनरेटर, चिलर, मीटर. या क्षेत्रात विकणारे ढीगभर आहेत, बसवणारे पुरेसे आहेत. दहाव्या वर्षी इन्व्हर्टर का ट्रिप होतो हे शोधणारे बोटावर मोजण्याएवढे. त्या कंपनीला ओ अँड एमच्या, म्हणजे बसवलेले प्लँट चालवण्या-सांभाळण्याच्या, कामासाठी विचार. पगार सुरुवातीला कमी सांगतील. नियुक्तिपत्र कुणाच्या नावाचं, विमा कोण भरतं, छतावर लाइफलाइन दोरी कंपनीची की आपापली, हे तीन प्रश्न पगाराच्या आधी विचार, आणि उत्तर देताना समोरचा खुर्चीत कसा हलतो ते बघ. बरोबरीने ऊर्जा दक्षता ब्युरोच्या एनर्जी मॅनेजरच्या परीक्षेची पुस्तकं आणून ठेव. डिप्लोमावाल्याला अनुभवाची वर्षं जास्त लागतात, पण डेटा सेंटरमधलं काम नीट लिहून घेतलंस तर ते वाया जाणार नाही. तिथून निघताना अनुभवाचं पत्र कंत्राटदाराकडून घे, तोंडी ‘देतो नंतर’वर विसंबू नकोस.

येत्या सुट्टीच्या दिवशी रबाळ्याला एका शेडची हवेची गळती तपासायची आहे. ये सकाळी आठला, वडिलांना यायचं असेल तर त्यांनाही आण. जुन्या फिटरचा कान माझ्यापेक्षा तिखट असतो. साबण मी आणते. तू फक्त रबरी सोलचे बूट घाल, आणि फोन खाली ठेवून वर चढायचं.